दाढ गेली, दुखणे राहिले

आमच्या शाळेतल्या एका बाईंचा उजवा कान दुखू लागला. दिवस सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे होते. सकाळी उठल्यावर कानापुढे ठणका लागे, घास चावताना तो वाढे आणि जांभई आली की टक्‌ असा आवाज होई. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासला. तो अगदी स्वच्छ होता. मग दुखणे दाढेचे असणार असे ठरले. त्या बाजूच्या एका दाढेत पूर्वी चांदी भरलेली होती. तिच्यावर संशय गेला आणि ती काढण्यात आली. चार-सहा दिवस बरे वाटले आणि दुखणे पुन्हा होते तिथे आले. शेवटी दुसऱ्या एका दंतवैद्यांनी बाईंच्या दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून त्यांना तोंड उघडायला-मिटायला सांगितले, गाल आणि कानशिले दाबून पाहिली आणि एक साधा प्रश्न विचारला, "बाई, आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेले आहेत का?" बाईंनी लक्ष देऊन पाहिले. टेकलेले होते, आणि चांगले घट्ट टेकलेले होते.

दुखत होता तो जबड्याचा सांधा आणि जबडा ओढणारे स्नायू. दाढ बिचारी निर्दोष होती. हे दुखणे काही दुर्मीळ नाही. तरुण आणि मध्यम वयात ते जास्त आढळते, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. बहुतेकांचे ते साध्या उपायांनी बरे होते. तरीही या सांध्याइतके चुकीचे उपचार शरीरातील फार थोड्या सांध्यांच्या वाट्याला आले असतील. असे का झाले, हे समजून घेणे आपल्याला विज्ञानशिक्षक म्हणूनही उपयोगी आहे. पण आधी सांध्याची ओळख करून घेऊ या.

करून पाहा

दोन्ही हातांची तर्जनी कानाच्या छिद्रापुढे, अर्ध्या इंचावर ठेवा. तोंड अगदी हळू उघडा. सुरुवातीला बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरल्यासारखे वाटेल. तोंड आणखी उघडले की तेच टोक पुढे सरकेल आणि बोटाखाली लहानसा खळगा जाणवेल. तोंड मिटले की टोक परत जागेवर येईल.

आपण अनुभवल्या त्या दोन वेगवेगळ्या हालचाली. दाराची बिजागरी फक्त फिरते. टेबलाचा खण फक्त सरकतो. जबड्याचा सांधा दोन्ही कामे करतो. तोंड साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर उघडेपर्यंत मुख्यतः फिरणे चालते. त्यापुढे खालच्या जबड्याचे गोलसर टोक कवटीच्या खोबणीतून निघून पुढच्या उतारावर सरकत येते. म्हणूनच आपण तोंड चार ते साडेपाच सेंटिमीटर उघडू शकतो. हे मोजायला पट्टीही लागत नाही. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांच्या मध्ये मावली, तर तोंड ठीक उघडते असे समजावे.

हाडाचे टोक आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये चिवट तंतूंची एक चकती असते. कडेला जाड, मध्ये पातळ. टोक पुढे सरकताना ही चकतीही त्याच्याबरोबर सरकते, त्यामुळे हाडावर हाड घासत नाही.

आणखी एक गोष्ट. खालचा जबडा हे एकच हाड आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना सांधे आहेत. उजवा गुडघा न हलवता डावा वाकवता येतो, पण उजवा सांधा स्थिर ठेवून नुसता डावा जबडा हलवता येत नाही. एक दुखू लागला म्हणून दुसऱ्या बाजूने चावले, तरी दुखऱ्याला पुरती सुटी मिळत नाही.

तरफेचा हिशेब

तिसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून आपण चिमटा सांगतो. जबडाही तसाच आहे. सांधा हा टेकू, स्नायूंचे ओढणे हे बल आणि दातांखालचा घास हा भार. बल टेकू आणि भार यांच्या मध्ये लागते.

सोपे आकडे धरू. स्नायू सांध्यापासून ३ सेंटिमीटरवर ओढतो, मधली दाढ ६ सेंटिमीटरवर आहे आणि पुढचे दात ९ सेंटिमीटरवर आहेत. पेरूची फोड तोडायला दातांवर १० किलोग्रॅम वजनाइतके बल हवे आहे. दाढेखाली धरली तर स्नायूला २० किलोग्रॅमइतके ओढावे लागेल आणि उरलेला १० चा दाब सांध्यावर येईल. तीच फोड पुढच्या दातांनी तोडायची तर स्नायूला ३० चे ओढावे लागेल आणि सांध्यावर २० चा दाब पडेल. खऱ्या जबड्यात स्नायू अनेक असतात आणि ते वेगवेगळ्या दिशांनी ओढतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण निष्कर्ष खरा आहे: पुढच्या दातांनी ऊस सोलताना किंवा कणीस खाताना सांध्यावर जास्त भार येतो. दुखऱ्या जबड्याच्या माणसाला "फळ कापून खा" असे सांगतात ते याच कारणाने.

घास चावायला स्नायूंना फार वेळ राबावे लागत नाही. जेवणे आणि गिळणे धरून वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात तो वेळ दिवसभरात काही मिनिटांचाच असतो. एरवी ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असते. ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. पण काळजी, घाई किंवा एकाग्रता असली की अनेकजण नकळत दात आवळून धरतात. 'दातओठ खाणे' हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. काहीजण झोपेत दात खातात. हातात भरलेली बादली तासभर धरली तर दंड दुखेल. तासन्‌तास आवळलेल्या जबड्याचेही तेच होते.

मुले झोपेत दात खाऊ लागली की पोटात जंत झाले असे आपल्याकडे म्हणतात. जंतांचे औषध द्यायचे तर ते त्यांच्या लक्षणांवरून द्यावे. दात खाण्याची सवय पुष्कळ मुलांत असते आणि बहुतेकांची वयाबरोबर कमी होते.

काय दुखते, काय वाजते?

या दुखण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळते ते स्नायूंचे दुखणे. गालाचा आणि कानशिलावरचा स्नायू दाबला की दुखतो आणि सकाळी जबडा आखडल्यासारखा वाटतो. दुसऱ्या प्रकारात चकती जागेवरून पुढे घसरलेली असते. तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्या जाड कडेवरून उडी मारून मधल्या भागावर येते. तोच टक्‌ आवाज. तिसरा प्रकार सांध्याच्या झिजेचा किंवा संधिवाताचा. त्यात वाळू रगडल्यासारखी करकर ऐकू येते. एकाच माणसात दोन प्रकार एकत्रही असू शकतात.

नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्यावर काही उपचार करावा लागत नाही. असे आवाज पुष्कळ निरोगी माणसांत येतात. मात्र नेहमीचा आवाज एकाएकी थांबला आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे झाले, तर घसरलेली चकती आडवी येऊन बसली असण्याची शक्यता असते. मग डॉक्टरांना लवकर दाखवावे.

आता बाईंचा कान का दुखत होता? सांधा, चावण्याचे स्नायू, दात, हिरड्या आणि कानाचा काही भाग यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जातात. कवटीतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी जोडी. एकाच तारेवर अनेक घरांच्या घंटा जोडल्या तर कोणाच्या दारी कोण आले ते कळणार नाही. मेंदूचीही तशीच फसगत होते. स्नायू दुखतो आणि दाढ किंवा कान दुखल्यासारखे वाटते. म्हणून दाढ काढण्यापूर्वी दाढेतच दोष आहे याची खात्री हवी.

एका चुकीचा इतिहास

जबडा निखळणे ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहीत आहे. निखळलेला हनुसंधी जागेवर बसवून बांधण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पण न निखळलेला सांधा का दुखतो, याची चर्चा विसाव्या शतकात जोरात सुरू झाली. अमेरिकेतील सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये एक लेख लिहिला. दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो, हाडाचे टोक मागे जाऊन कानाजवळच्या नसा दाबते आणि त्यामुळे कान व डोके दुखते, असे त्यांचे म्हणणे होते. शरीररचनेच्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले की हाड तसे त्या नसांवर दाबू शकत नाही. पण दुखण्याचे मूळ दातांच्या ठेवणीत आहे हा विचार रुजला तो रुजलाच. दात घासून त्यांची उंची कमी-जास्त करणे, टोप्या बसवून दातांचा मेळ बदलणे असे उपचार कित्येक वर्षे चालले. आणि रुग्णांना बरे वाटत होते! मग उपचार चुकीचा कसा म्हणणार?

येथे शिकागो येथील एका प्रयोगाची गोष्ट सांगायला हवी. गुडमन, ग्रीन आणि लॅस्किन यांनी तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. दुखऱ्या जबड्याच्या २५ रुग्णांना दात घासून मेळ जुळवण्याचा उपचार देत आहोत असे भासवले. यंत्र फिरले, आवाज झाला, पण दातांचा मेळ मुळीच बदलला नाही. हा लटका उपचार दोनदा झाला. २५ पैकी १६ जणांनी दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे गेल्याचे सांगितले.

यावरून ते रुग्ण ढोंगी होते असा अर्थ काढू नये. त्यांचे दुखणे खरे होते आणि बरे वाटणेही खरे होते. हे दुखणे भरती-ओहोटीसारखे वाढते आणि ओसरते. माणूस डॉक्टरांकडे जातो तो भरतीच्या वेळी. त्यानंतर काही केले नाही तरी बहुधा ओहोटी येतेच. शिवाय कोणीतरी लक्ष देऊन ऐकले, धीर दिला, की काळजी कमी होते आणि आवळलेला जबडा सैल पडतो. आमच्या बाईंना दाढ काढल्यावर चार-सहा दिवस बरे वाटले तेही बहुधा असेच. तेव्हा 'उपचार केला आणि बरे वाटले' एवढ्यावरून 'उपचारामुळे बरे वाटले' असे सिद्ध होत नाही. दोन कुंड्यांपैकी एकीला खत घालून दुसरी तशीच ठेवायला आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ती दुसरी कुंडी किती मोलाची आहे, ते येथे दिसते.

ती कुंडी न ठेवल्याची किंमत पुढच्या दशकात काही रुग्णांना फार मोठी पडली. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील व्हायटेक या कंपनीने टेफ्लॉनयुक्त चकत्या बनवल्या. १९८३ पासून त्या बाजारात होत्या आणि रुग्णांची मूळ चकती काढून तिच्या जागी बसवल्या जात. चावण्याच्या दाबाखाली त्यांचे बारीक कण सुटू लागले. त्या कणांविरुद्ध शरीराने जी प्रतिक्रिया दिली, तिच्यात आजूबाजूचे हाड झिजून गेले. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि त्यानंतर त्या चकत्या बाजारातून काढून घेतल्या गेल्या. तोपर्यंत हजारो रुग्णांना त्या बसवून झाल्या होत्या.

आज काय समजले आहे?

१९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तज्ज्ञांची परिषद भरवली. परत फिरवता येईल असे साधे उपचार आधी करावेत, असा तिचा सूर होता. त्यानंतर अमेरिकेतच तीन हजारांहून अधिक निरोगी प्रौढांना बरीच वर्षे नजरेखाली ठेवून अभ्यास झाला. दरवर्षी शंभरांपैकी सुमारे चौघांना हे दुखणे नव्याने सुरू झाले. ज्यांची झोप बिघडलेली होती, ज्यांना पाठदुखी-डोकेदुखीसारखी इतर दुखणी आधीपासून होती, त्यांच्यात ते अधिक आढळले. म्हणजे जबड्याच्या दुखण्याकडे पाहताना सबंध माणसाकडे पाहायला हवे.

२०२३ च्या अखेरीस 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने, तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या अशा दुखण्यासाठी सर्व प्रयोगांचा आढावा घेऊन मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात झुकते माप मिळाले ते दुखणे नीट समजावून सांगणे, घरी करायचे जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील व्यायाम व स्नायू मोकळे करणे आणि विचार व सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन यांना. दातांचा मेळ कायमचा बदलणारे उपचार आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करू नये असे त्यात निक्षून सांगितले आहे. दातांवर बसवायच्या, काढता-घालता येणाऱ्या पट्टीने दातांची झीज वाचते. पण दुखण्यासाठी केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये. शस्त्रक्रिया मुळीच नको असे नाही. सांधा जखडला असेल, गाठ असेल, हाड मोडले असेल तर ती करावीच लागते. पण असे रुग्ण थोडे.

घरी करण्यासारखे उपाय असे आहेत:

१. दिवसातून अनेकदा जबड्याकडे लक्ष द्यावे. 'ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला' हे सूत्र लक्षात ठेवावे. आमच्या बाई प्रत्येक दहाव्या उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने टिंब काढून ठेवतात. टिंब दिसले की दात सुटे करायचे!

२. दोन-तीन आठवडे मऊ खावे. खिचडी, मऊ भात, वरणात कुस्करलेली पोळी चालेल. ऊस, चिक्की, सुपारी, च्युइंगगम बंद. जबडा अगदी बांधून ठेवू नये; हलके चावणे सुरू ठेवावे.

३. गाल आणि कानशील कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटे शेकावे, मग बोटांनी हळूहळू चोळावे.

४. जिभेचे टोक टाळूला लावून, आरशात पाहत, जबडा सरळ रेषेत हळू उघडावा आणि मिटावा. एका वेळी सहा ते दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. दुखेल इतके ताणू नये.

५. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. हनुवटी तळहातावर टेकून तासन्‌तास बसू नये. झोप पुरेशी घ्यावी.

वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

वाट पाहू नये अशी दुखणी

'आपोआप बरे होईल' हे सांगताना, कोणते दुखणे आपोआप बरे होणार नाही हेही सांगितले पाहिजे. यातील पहिल्या दोन गोष्टी शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवाव्यात.

खेळताना मूल हनुवटीवर पडते. हनुवटीला टाके पडतात, जखम भरते आणि सगळे विसरतात. पण तो धक्का हाडातून वर सांध्याशी जातो आणि तेथे जबड्याच्या टोकाशी हाड मोडलेले असू शकते. त्याकडे दुर्लक्ष झाले तर सांधा हळूहळू हाडानेच जखडतो. तोंड उघडेनासे होते, आणि मूल वाढत्या वयाचे असल्याने खालच्या जबड्याची वाढही खुंटते. म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाचे तोंड नीट उघडते का, जबडा एका बाजूला वळतो का, कानापुढे दुखते का, दात पूर्वीसारखे मिटतात का, हे पाहावे. शंका असल्यास त्याच दिवशी क्ष-किरण तपासणीसाठी पाठवावे.

दुसरी गोष्ट सुपारी आणि गुटख्याची. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मुलांच्या हाती पडतात. सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तराखाली ताठर तंतू साठत जातात. आधी तिखट झोंबते, मग गाल आतून पांढुरके आणि कडक होतात, आणि तोंड तीनाचे दोन बोटे, दोनाचे एक बोट असे मिटत जाते. सांधा निरोगी असूनही जबडा उघडत नाही. हा विकार कर्करोगाकडे नेऊ शकतो. साठलेले तंतू सहसा पूर्ण नाहीसे होत नाहीत; म्हणून सुपारी जितकी लवकर सुटेल तितके बरे.

जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आखडू लागला, म्हणजे दातखीळ बसू लागली, तर धनुर्वाताची शंका घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि छातीत दडपते, घाम येतो, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. पन्नाशीनंतर कानशील दुखणे, चावताना जबडा भरून येणे आणि नजर अंधुक होणे ही रक्तवाहिनीच्या सुजेची लक्षणे असू शकतात. उशीर झाल्यास दृष्टी जाते. जबडा उघडाच राहिला, मिटत नाही, तर तो निखळला आहे. घरी ओढाताण न करता डॉक्टरांकडे न्यावे. गालावर सूज, ताप किंवा वाढत जाणारी गाठ असेल तरीही तसेच करावे.

वर्गात करता येईल

तरफेच्या धड्यानंतर एक तास यासाठी ठेवावा. प्रत्येक विद्यार्थ्याने हात स्वच्छ धुऊन स्वतःचीच तीन बोटे तोंडात मावतात का ते पाहावे. कानापुढे बोट ठेवून फिरणे आणि सरकणे ओळखावे. टक्‌ आवाज कितीजणांना येतो आणि त्यांपैकी कितीजणांना दुखते, याची नोंद फळ्यावर करावी. आवाज येणारे पुष्कळ आणि दुखणारे थोडे, असे बहुधा दिसेल. ज्याची तीन बोटे मावत नाहीत, त्याला वर्गासमोर काही विचारू नये. तास संपल्यावर एकटे गाठून आपुलकीने विचारावे. कोणी हनुवटीवर पडलेले निघेल, कोणाच्या खिशात पुडी निघेल.

बाईंचे दुखणे अडीच-तीन महिन्यांत गेले. वार्षिक परीक्षेच्या वेळी ते पुन्हा थोडे डोकावले, पण आता त्यांना ते ओळखू येते. दाढेची जागा मात्र रिकामीच आहे.